विहिरीच्या आधीच्या गप्पा

चष्मेवाल्यांच्या बायकोचा आवाज घरात एकाच कॅसेटवर होता, आणि त्या कॅसेटवर ती फक्त तीन आकडे बोलत होती. आधी "बारा". मग बऱ्याच वेळाने "सात". आणि शेवटी जरा चाचरत, "चौदा?" एवढंच. चेहरा कुठेही नाही. एक कोपर, घड्याळ बांधलेलं मनगट आणि खांद्यावरून पुढे आलेलं वेणीचं शेपूट, इतकीच काय ती बायको. बाकी सगळी विहीर.

आता ही विहीर कुठली, ते सांगायला हवं. 'अंदाजपंचे' नावाचा तो टीव्हीवरचा कार्यक्रम. नावाप्रमाणेच कारभार! समोर एखादी वस्तू ठेवायची, हात न लावता तिचं वजन ओळखायचं, आणि ओळखण्याचे खेळ मात्र नाना तऱ्हेचे. कार्यक्रम अजून चालू आहे, पण त्यातले जुने खेळ एकेक करून बंद झाले. त्यातलाच एक 'विहीर'. प्लायवूडची विहीर, पण रंग असा दिला होता की दगडाचीच वाटावी. वर रहाट, रहाटाला बादली, बादलीत छत्री उघडून बसलेला एक लाकडी म्हातारा, तो मामा. अंदाज जितक्या किलोंनी चुकेल तितके दात रहाट सुटायचा आणि बादली खाली जायची. तीन वस्तू झाल्या तरी बादली पाण्याला टेकली नाही तर तुम्ही जिंकलात. टेकली तर डुबुक, आणि सगळे प्रेक्षक एका सुरात ओरडायचे, "मामा गेले!" पुढे नवी माणसं आली. त्यांना विहिरीची लाज वाटली. आता तिथे काचेच्या भिंती आणि लुकलुकणारे दिवे आहेत, आणि दिव्यांच्या नावाने कोण ओरडणार?

ह्या बंद पडलेल्या खेळांसाठी जीव टाकणाऱ्या माणसांचं एक मंडळ होतं. चष्मेवाले त्यातले जुने. तिथे कोणाला खऱ्या नावाने हाक मारत नसत. ज्याचा जो लाडका खेळ, ते त्याचं नाव. शिडीवाले, कपाटवाल्या बाई, भोवरा. चष्मेवाले तिथे विहीरवाले. ही माणसं सख्ख्या भावाचा वाढदिवस विसरतील, पण घसरगुंडी कोणत्या वर्षी बंद झाली, ते झोपेतून उठवून विचारा. हसायचं तर हसा. हौसेला मोल नसतं, आणि ज्याला कसलीच हौस नाही त्याने तर मुळीच हसू नये.

कार्यक्रम व्हीसीआरवर उतरवून घेण्याचे त्यांचे नियम कडक होते. त्यात मुख्य नियम एक: खेळ तेवढा घ्यायचा. खेळाच्या आधी सूत्रधार स्पर्धकाशी गप्पा मारायचा, घरी कोण, काम काय, गाव कुठलं. त्या गप्पा आल्या की बटण दाबायचं. कॅसेट काय गप्पांनी भरायची असते? एखाद्याच्या कॅसेटमध्ये चुकून गप्पा राहिल्याच, तर बाकीचे विचारायचे, "हे काय, लग्नाचं शूटिंग आहे का?"

आणि ह्याच कार्यक्रमात एकदा चष्मेवाल्यांची बायको गेली होती.

कार्ड तिनेच टाकलं होतं, नवऱ्याला न सांगता. चष्मेवाल्यांनी स्वतः वर्षानुवर्षं कार्डं टाकली, एकदाही नाव निघालं नाही. हिने एकदाच टाकलं आणि निघालं. झालं! चष्मेवाले आठवडाभर फुगून बसले. "दुकान कोण बघणार?" म्हणाले. दुकान एक दिवस बंद राहिल्याने गावातले लोक काही आंधळे होणार नव्हते. पण पोटातलं ओठांवर कसं आणायचं? शेवटी ती बहिणीला घेऊन गेली. ती बहीणही आता नाही.

कार्यक्रम टीव्हीवर लागला त्या संध्याकाळी मात्र चष्मेवाल्यांनी दुकान लवकर बंद केलं. व्हीसीआर उघडून आतलं हेड स्पिरिटने पुसलं, चष्म्याच्या काचा पुसायच्या त्याच मऊ फडक्याने. मुलगी तेव्हा सात वर्षांची. आई आणि ती सतरंजीवर बसल्या. दोन खेळ झाले. मग सूत्रधार माइक घेऊन हिच्याकडे वळला, आणि चष्मेवाल्यांचं लक्ष गेलं ते कॅसेटकडे. फीत संपत आली होती. विहीर अर्ध्यावर तुटली असती.

ते उठले आणि आतल्या खोलीत पळाले.

"अहो, या ना. मी बोलतेय," ती म्हणाली.

"आलो, आलो. नवीन कॅसेट घेऊन येतो."

नव्या कॅसेटचं प्लास्टिक काही केल्या फाटेना. शेवटी त्यांनी दातांनी फाडलं. बाहेर टीव्हीतले लोक मोठ्याने हसले, थोड्या वेळाने पुन्हा हसले. ते धावत आले, कॅसेट घातली, बटण दाबलं. बादली वर होती, म्हातारा छत्री उघडून बसला होता, विहीर पहिल्या दातापासून शेवटच्या दातापर्यंत अखंड मिळाली. पुढे मंडळात त्या कॅसेटचं फार कौतुक झालं. एवढी स्वच्छ विहीर दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

ती हरली. तिसरी वस्तू लोखंडी ट्रंक होती, एकोणीस किलोंची. मामा गेले तसं चष्मेवाल्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, लोखंडी ट्रंक! चौदा कशी असेल?" हे वाक्य मग घरात कायमचं राहिलं. ती बाजारातून पिशवी घेऊन आली की ते म्हणायचे, "सांग बघू, किती किलो? चौदा?" ती हसायची. रात्री जेवताना त्यांनी विचारलं होतं, "बाकी बोललीस काय एवढं?" ती म्हणाली, "काही नाही. नेहमीचंच. घरी कोण कोण, वगैरे." त्यांनीही पुढे विचारलं नाही. संसारात माणूस किती गोष्टी उद्यावर टाकतो!

गेल्या वर्षी ती गेली. आजार असा नाहीच. सकाळी उठली, बरं वाटत नाही म्हणाली, आणि दुपारपर्यंत संपलं. भिंतीवर तिचे फोटो होते, पण फोटो बोलत नाहीत. महिनाभराने चष्मेवाल्यांनी ती कॅसेट काढली आणि लावली. बारा. सात. चौदा. जी कॅसेट त्यांनी चारचौघांत छाती काढून दाखवली होती, त्यात बायको नव्हतीच, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

रविवारी मुलगी आली तेव्हा ते तिला म्हणाले, "तू तिथेच होतीस. आई काय बोलली गं?"

"मी सात वर्षांची होते, बाबा." ती म्हणाली. "लोक हसले ते आठवतं. आणि आई टीव्हीकडे बघत नव्हती, तेही आठवतं. ती आतल्या दाराकडे बघत होती."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला. एरवी हे काम ते दुसऱ्यांसाठी करायचे. त्या दिवसापासून त्यांच्या मनाने एकच धरलं. ती दोन मिनिटं कुठून तरी मिळायला हवीत. वाहिनीकडे विचारून झालं. तिथल्या एका नम्र आवाजाने सांगितलं की त्या काळातल्या टेपा पुसून त्यांच्यावर पुढचे कार्यक्रम घेतले. आता उरलं ते मंडळ.

मंडळाचं वार्षिक संमेलन एका व्यायामशाळेच्या हॉलमध्ये भरायचं. ह्या वर्षी शिडीवाल्यांनी विहीर बांधली होती, चष्मेवाल्यांच्याच कॅसेटवरून, एकेक चित्र थांबवून, मापं काढून. रहाट तसाच करकरत होता. बादलीत म्हातारा होता, छत्रीची एक काडी वाकडी होती तीसुद्धा तशीच वाकडी. साठी उलटलेली माणसं कठड्याभोवती उभी राहून लहान पोरांसारखी बादलीत डोकावत होती. कपाटवाल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "काय दिवस होते हो ते," त्या म्हणाल्या. "आताच्या खेळांत जीवच नाही."

"विहीरवाले, पहिला मान तुमचा," शिडीवाले म्हणाले आणि त्यांनी माइक पुढे केला.

चष्मेवाल्यांनी माइक घेतला. "मला खेळायचं नाही," ते म्हणाले. "मला एक विचारायचंय. माझी बायको ज्या दिवशी विहीर खेळली, त्या दिवशीच्या आधीच्या गप्पा कुणाकडे आहेत का? विहीर नको. विहीर माझ्याकडे आहे. गप्पा हव्यात."

 मग एकजण मागून म्हणाला, "गप्पा कोण ठेवतो?" आणि बोलून गेल्यावर त्याचाच चेहरा पडला.

"माझ्याकडे त्या दिवसाचं सगळं आहे," कपाटवाल्या बाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे... खेळ आहेत सगळे. ते मधलं मी काढलं. आपण सगळेच काढायचो ना."

भोवरा खुर्चीत बसला होता. तरुणपणी तो स्वतः त्या कार्यक्रमात जाऊन आला होता. "माझं ऐका," तो म्हणाला. "मी माझ्याच गप्पा कापल्या. माझ्या कॅसेटमध्ये भोवरा आहे, मी नाही." दोघेतिघे हसायला लागले आणि मध्येच थांबले.

कुणी कुणाकडे बघेना. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? एवढी जपून ठेवणारी माणसं, रहाटाचा करकराटसुद्धा जपून ठेवणारी! आणि त्या रहाटाशेजारी उभी राहिलेली हाडामासाची माणसं त्यांनी स्वतःच्या अंगठ्याने पुसून टाकली होती. चष्मेवाल्यांना त्यांचा राग आला नाही. राग यायला आपण वेगळं असावं लागतं.

ते अवघडलेपण मोडायला शिडीवाले म्हणाले, "आमच्या ताईला विचारायला हवं! ती बटण उलटं दाबायची." हा त्यांचा जुना विनोद होता आणि सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. "घरात व्हीसीआर एक आणि आम्ही भावंडं दोन. तिचा सगळा जीव त्या सूत्रधारावर. तो बोलायला लागला की हिचं चालू, खेळ आला की बंद. किती शिड्या बुडवल्या माझ्या! गप्पावाली म्हणायचो आम्ही तिला."

सगळे हसले. चष्मेवाले हसले नाहीत.

"तुमची ताई असते कुठे?" त्यांनी विचारलं.

शिडीवाल्यांचं हसू ओसरलं. "इथेच असते. पण बोलणं नाही आमचं फारसं. कॅसेटींवरूनच बिनसलं."

दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन चष्मेवाले ताईंच्या दारात उभे राहिले. ताई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. एकट्या राहायच्या. दार साखळीपुरतं उघडलं, आणि आतून नंबर विचारावा तसा स्वच्छ आवाज आला, "कोण हवंय?"

चष्मेवाल्यांनी भावाचं नाव सांगितल्याबरोबर त्या म्हणाल्या, "हसायला पाठवलंय का त्याने?"

"नाही. मी मागायला आलोय."

त्यांनी दोघांना नीट न्याहाळलं आणि साखळी काढली. खोली लहान पण लख्ख. टीव्हीवर कापड, व्हीसीआरवर कापड, आणि काचेच्या कपाटात कॅसेटींच्या रांगा. चष्मेवाल्यांनी सगळं सांगितलं. बायको, कार्ड, विहीर, आतली खोली, प्लास्टिकसुद्धा सांगितलं. ताईंनी मध्ये एकदाही "बरं", "हो का" केलं नाही. शेवटी विचारलं, "कोट कुठला होता?"

"कुणाचा?"

"त्यांचा. तारखा मी लिहीत नव्हते. माझ्याकडे सगळं कोटांवर आहे. फिकट निळा, चौकडीचा, उभ्या रेघांचा. कोट सांगा, लगेच काढून देते."

चष्मेवाले गोंधळले. सूत्रधाराचा कोट! इतकी वर्षं कार्यक्रम बघितला आणि त्या माणसाचा कोट एकदाही बघितला नव्हता. त्यांनी डोळे मिटले. रहाटाचा दांडा आठवला. दांडा फिरवणारा सूत्रधाराचा हात आठवला. "बाही राखाडी होती," ते म्हणाले. "मनगटाशी दोन बटणं. त्यांच्या पुढे एक नुसताच दोरा."

"तिसरं तुटलेलं!" ताई उठल्या. "तो कोट त्यांनी फार दिवस घातला नाही. मला वाटायचं, घरी कुणी नाही वाटतं ह्यांना बटण लावून द्यायला." बोलताना त्यांच्या गालांवर लाली आली आणि ती लपवायला त्या कपाटात वाकल्या. मुलीने बापाकडे बघितलं. बापाचं लक्ष कॅसेटकडे होतं, पण ह्या वेळी ते योग्य जागी होतं.

कॅसेट लागली. आडव्या रेघा आल्या, गेल्या. राखाडी कोट कुणा शिक्षकाशी बोलला, चित्र तुटलं, मग कुणा पहिलवानाशी बोलला, पुन्हा तुटलं. आणि मग ती आली.

वेणी खांद्यावर पुढे घेतलेली. नाकावर घाम. ती माइकच्या फार जवळ बोलत होती, तसं बोलायची सवय नसलेली माणसं बोलतात तसं. मुलीने तोंडावर हात दाबला. आई तिच्याहून लहान होती.

"घरी कोण कोण असतं?" सूत्रधाराने विचारलं.

"मिस्टर आणि मुलगी."

"मिस्टर बघतात का आमचा कार्यक्रम?"

"दुसरं काय बघतात?" ती म्हणाली. लोक हसले.

"मग हा भागही बघतील."

"छे हो. तेव्हा बटण दाबलेलं असेल. तुमच्या गप्पा आमच्याकडे घेत नाहीत. विहीर आली की घेतात." लोक आणखी हसले. सूत्रधाराने छातीला हात लावून घायाळ झाल्याचं सोंग केलं.

"म्हणजे आत्ता तुम्ही काहीही बोललात तरी त्यांना कळायचं नाही?"

"हो की," ती म्हणाली. हे तिला आत्ताच सुचलेलं दिसलं. ती क्षणभर पायांकडे बघत राहिली. "मग खरं सांगू का? मला वजनातलं काही कळत नाही. आणि हा कार्यक्रमही मला फारसा आवडत नाही."

"अहो मग आलात कशाला, बाई?"

"ते सारखे इथेच बघत असतात ना," ती म्हणाली. "म्हटलं, इथे येऊन उभी राहते. म्हणजे माझ्याकडे बघतील."

लोक खदखदून हसले. हेच ते हसू. आतल्या खोलीत दातांनी प्लास्टिक फाडताना त्यांच्या कानांवर आलं होतं ते.

ती मात्र हसली नाही. तिने मान वळवली, सूत्रधाराकडून सरळ कॅमेऱ्याकडे, आणि म्हणाली, "बघताय का हो?"

"चला, विहिरीकडे!" सूत्रधार म्हणाला, आणि पडद्यावर मुंग्या आल्या. खेळ सुरू झाला होता. ताईंनी त्यांच्या रीतीप्रमाणे बटण दाबलं होतं.

 मुलगी भिंतीकडे तोंड करून रडत होती. ताई हातातल्या रिमोटकडे बघत म्हणाल्या, "हे मी किती वेळा बघितलं असेल. पण मी त्यांच्याकडे बघायचे. ह्या काय बोलल्या, ते आज ऐकलं."

चष्मेवाल्यांना काहीतरी म्हणायचं होतं. मी तिला खूप जपलं, असं म्हणायचं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. तापात तिच्या उशाशी ते रात्रभर बसले होते. तिच्या चष्म्याचा नंबर त्यांच्या बोटांना पाठ होता. तिच्या डोळ्यांची तपासणी त्यांनी इतक्या वेळा केली होती, अक्षरं वाच म्हणून समोर उभे राहिले होते, आणि दर वेळी बघितलं ते तिला किती दिसतं एवढंच. हे सगळं कुणाला सांगायचं? जिला सांगायचं तिने तर विचारून ठेवलं होतं, आणि उत्तराची वाट बघत आतल्या दाराकडे बघितलंही होतं.

"परत लावता?" ते म्हणाले.

ताईंनी कॅसेट मागे घेतली. चष्मेवाले खुर्ची ओढत पडद्याच्या अगदी पुढ्यात गेले. एरवी ते दुकानात प्रत्येकाला बजावायचे, इतक्या जवळून टीव्ही बघू नका. पुन्हा ती माइकच्या फार जवळ बोलली. पुन्हा लोक हसले. त्यांनी सूत्रधाराकडे बघितलं नाही, मागे अर्धवट दिसणाऱ्या विहिरीकडे बघितलं नाही. ती कुठे अडखळते, कधी पापणी लवते, एवढंच बघत राहिले. तिने मान वळवली.

"बघताय का हो?"

ते आणखी पुढे वाकले, कपाळ काचेला टेकेपर्यंत.

"बघतोय गं," ते म्हणाले. तोवर पडद्यावर मुंग्या आल्या होत्या.